शिडावरचं नाव

माझ्या बापाने चाळीस वर्षांत किती भिंती रंगवल्या याचा पुरावा मागाल, तर एकही नाही. सगळ्या चुन्याखाली गेल्या. गणपती बसतो त्या खोलीतली मागची भिंत दर श्रावणात पांढरी करायची आणि चतुर्थीच्या आत तिच्यावर नवं चित्र काढायचं, ही आमच्याकडची रीत. कुणाकडे शेषनाग, कुणाकडे कैलास, यजमानाचा हात आखडता असेल तर नुसतीच कमळं. पुढच्या श्रावणात त्यावर पुन्हा चुन्याचा कुंचा फिरायचा. बाबा म्हणायचे, "देवाचां देवाक गेलां." मला या वाक्याचा लहानपणापासून राग. देव काय चित्र काखोटीला मारून नेतो?

बाबांचं नाव परशुराम. आमचं गाव मालवणकडच्या तोंडवळीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. खाडीच्या दोन्ही काठांवर भाद्रपदात बाबांवाचून कुणाचं पान हलत नसे. मी त्यांची एकुलती एक. पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या रंगाच्या वाट्या मी भरल्या. तांबडी काव कुटली, काजळी घोटली, नीळ भिजवली. चिंचोक्याची खळ किती दाट झाली की रंग धरते, ते मला डोळे मिटून नुसत्या बोटाला कळायचं. पण भिंतीला हात लावायची मनाई होती. "गणपतीच्या भिंतीक बायलमनशान रंग लावूचो नसता गो." बरं, ती भिंत सारवायची कुणी? बायकांनी. तिला चुना लावायचा कुणी? बायकांनीच. चित्र काढायची वेळ आली की मात्र आमचे हात अचानक विटाळायचे. मी सातवी फायनल पास झाले, तरी हे गणित मला सुटलं नाही.

लग्न झालं ते त्याच गावात, हाकेच्या अंतरावर. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. सत्यवान. घेतलं, काही झालं नाही. तो तांडेल, होडी हाकणाऱ्यांचा म्होरक्या; घरची एक शिडाची होडी, मचवा. पावसाळ्यात मचवे ओढून, माडाच्या झापांनी शाकारून ठेवले की घराशेजारच्या मांगरात शिडं पसरायची आणि विरलं असेल तिथे ठिगळ लावत बसायचं. मेण लावलेला दोरा ओवून दाभण कसा चालवायचा ते मला सत्यवानाने शिकवलं. माझी सासू शेवंती गोधड्या शिवायची. तिचा धावदोरा इतका बारीक आणि सरळ, की वाटावं मुंग्या चालल्यात. जिभेनेही ती तशीच टाके घालायची, पण ते पुढे येईलच.

आता भाई. गावात भाई पुष्कळ, पण नुसतं 'भाई' म्हटलं की बंदरावरचे, मोठ्या घरातले. खोबऱ्याचा आणि लाकडाचा व्यापार, मुंबईत पेढी. त्यांच्या घरचा गणपती म्हणजे गावाचाच गणपती, अनंत चतुर्दशीपर्यंत बसायचा. तो विसर्जनाला जायचा आमच्या मचव्यातून. हा आमच्या घराचा मान. भाईंच्या आजोबांचं गलबत वादळात सापडलं होतं, ते सत्यवानाच्या पणजोबांनी खाडीत आणलं, तेव्हापासूनचा. त्या आजोबांनीच रीत घालून दिली, की उघड्या डोलकाठीने गणपती न्यायचा नाही, शीड उभारूनच न्यायचा, आणि मचवा लोटण्याआधी गाऱ्हाणं घालायचं ते तांडेलानेच. एकाने देवाला उद्देशून बोलत जायचं, आणि तो श्वासाला थांबला की जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्याकडचं मूल आधी 'आये' म्हणायला शिकतं आणि लगोलग 'व्हय म्हाराजा'.

एकोणसाठ सालच्या आषाढात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. तोंडाची एक बाजू ओढली गेली. बोलायला लागले की शब्द उशिरा निघायचा, आणि निघाला तरी अर्धाच. मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. श्रावण उजाडला तसा भाईंचा माणूस भिंतीचं विचारायला आला, आणि बाबा लहान मुलासारखे रडायला लागले. चाळीस वर्षांत ती भिंत कधी चुकली नव्हती.

मी म्हटलं, "बाबा, बायलेन भिंतीक हात लावूचो नाय ना? नाय लावूचंय. भिंत माका नकोच."

मांगरात एक जुनं शीड पडलेलं होतं. त्यातला भिंतीएवढा तुकडा मी कापला, त्याला खळ दिली आणि रंगवायला बसले. दोन दिवसांत रडकुंडीला आले. भिंतीवर उठून दिसणारी काव कापडावर वाळली की चिखल. वर गुंडाळून ठेवलं की खळीला तडे जायचे. एका तड्यावर मी वैतागून टाका घातला. मग दुसऱ्यावर. मग वाटलं, नुसता दोरा कशाला? सासूचं हिरवं जुनेर होतं, तिच्या लग्नातलं, विरून विरून मऊ झालेलं. त्याची पट्टी फाडून तड्यावर बसवली आणि तिथे खाडीचं पाणी दिसायला लागलं. रंगाने दहा जन्मांत दिसलं नसतं तसं. मग मला कुणी अडवायचं? जाळ्याच्या तुटक्या दोऱ्यांचे मी माड केले. काजूच्या टरफलांचं तेल मचव्याला लावतात ना, त्यात काजळी कालवून कडा ओढल्या. ते तेल हातावर उततं, माझी बोटं महिनाभर सोललेली होती. माशांच्या डोळ्यांना सत्यवानाच्या सदऱ्यांची बटणं लावली. तो बिचारा छाती उघडी टाकून फिरत होता आणि लोकांना उकाडा फार म्हणून सांगत होता.

रंग कुठे संपतो आणि शिवण कुठे सुरू होते, ते शेवटी मलाही सांगता येईना. हे बाबांचं नव्हतं. सासूचं नव्हतं, नवऱ्याचंही नव्हतं. हे माझं होतं. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

ते कापड भाईंकडे लागलं आणि गाव लोटलं. बाबांना बाकावर बसवलं होतं. जो तो त्यांच्यापाशी येई आणि म्हणे, "परशुरामा, आजारपणातय हात काय चललो रे तुझो!" भाईंनी त्यांना शेला पांघरला, नारळ दिला. मी दाराआड उभी राहून वाट बघत होते. आता सांगतील. आता लेकीचं नाव घेतील, म्हणतील, 'माझ्या चेडवान केल्यान.' शब्द उशिरा निघतो त्यांचा, थांबूया. मी अकरा दिवस थांबले. बाबा अर्ध्या तोंडाने हसत राहिले आणि शेला सावरत राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, "कित्या सांगूक नाय?"

"भाई... भितीवरसून... काडतलो हुतो," बाबा म्हणाले.

असेल. कापड भिंतीवरून काढून टाकतील ही भीती खरी असेल. पण शेला त्यांना उबदार लागला होता, हेही खरं होतं. मला बापाचा राग आला, आणि आजारी माणसाचा राग आला म्हणून स्वतःचाही आला. शेवटी सगळा राग मी पुढच्या कापडात घातला.

पुढचं वर्ष साठ. मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं म्हणून शाळेत पेढे वाटले होते. त्या वर्षीचं कापड मी फाल्गुनापासूनच घेतलं. त्यात सासूच्या त्याच हिरव्या लुगड्याची आमची खाडी होती, मचवे होते, वाळूवर मासे सुकवणाऱ्या बायका होत्या. आणि मधोमध, गणपतीच्या डोक्यावर येईल अशा बेताने, एक पांढरी भिंत, तिच्यासमोर कुंचा घेतलेला माणूस, आणि त्याच्या मागे वाटी धरून उभी असलेली एवढीशी मुलगी. बाबा रोज खाटेवरून ते बघत. मुलीचा झगा मी शिवला त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले. मला वाटलं, झालं, आता सांगतील.

सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात, लाटेचा दोरा न तोडता मी तसाच पुढे नेला आणि त्याच दोऱ्याने लिहिलं: सुगंधा.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी आम्ही कापड लावायला गेलो. सत्यवानाने दोऱ्या बांधल्या. बाबा खुर्चीत होते. भाई चष्मा लावून कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मान डोलावत. कोपऱ्याशी थांबले.

"ह्यां काय लिवललां आसा?"

"सुगंधा," मी म्हटलं.

"कोण सुगंधा?"

बघा, मी त्या घरात लहानपणापासून ये-जा केलेली. पण तिथे मी परशुरामाचं चेडू होते, नंतर सत्यवानाची बायल झाले. मला नाव असेल ही शंका कुणाला यायचं कारणच नव्हतं.

"मिया," मी म्हटलं. "ह्यां माझां काम आसा. गेल्या वर्षीचांय माझांच होतां."

"परशुरामान करूक नाय?"

"बाबांचो उजवो हात वर्षभर मांडयेर पडान आसा, भाई. तुमका दिसाक नाय?"

खोलीत गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला फळं बांधणारे गडी होते, त्यांचे हात थांबले. भाईंचा चेहरा आधी लाल झाला आणि मग शहाणा झाला. "देवाच्या पाठीक सुई लागललां कापड?" ते म्हणाले. "तांय बायलेन केललां, जुन्या लुगड्यांचां? सोवळां काय रवलां मगे?"

"गेल्या वर्षी ह्याच सुयेसमोर तुमी अकरा दिस आरत्यो म्हटल्यात. तेवा सोवळां खंय बुडूक नाय."

सत्यवानाने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. भाईंचा माल आमच्याच मचव्यातून मालवणला जायचा, त्याला त्याची काळजी. पण भाई चिडले नाहीत. आवाज खाली आणून मला म्हणाले, "आयक. काम बरां आसा, माका डोळे आसत. तू तां नाव तेवढां उसव. परशुरामाचां म्हणान लावया. तुझ्या बापाशीचोय मान रवतलो, देवाचीय भिंत रवतली. कोण कोणाक काय इचारतलो नाय."

हा माणूस मनाने वाईट नव्हता, फक्त मोठा होता. मोठ्या माणसांना आपण किती थोडं मागतोय याचंच कौतुक असतं. तीन अक्षरं तर उसवायची.

मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या समोर ती भिंत होती, तो माणूस होता, वाटी धरलेली मुलगी होती. त्यांचं तोंड हललं. शब्द यायला वेळ लागला. आला तो हा:

"उसव... गो."

त्या क्षणी मला मारलं असतं तरी चाललं असतं.

"नाय," मी म्हटलं. "नाव उसवलां तर लाटय उसवतली, आणि लाट उसवली तर मचवो. मिया दोरो खंयच तोडूक नाय. एकाच दोऱ्याचां आसा सगळां."

"मगे घेवन जा," भाई म्हणाले आणि स्वतःच्या हाताने दोरीची गाठ सोडली. गड्यांनी कापड गुंडाळून बाहेर अंगणात, खळ्यात नेऊन टाकलं. भिंत झाकायला भाईंच्या बायकोने, नर्मदाकाकीने, आपला शालू काढून दिला. तो कुणी विणला हे कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

गुंडाळी उचलून घरी आल्यावर मी बाबांना जेवू घातलं, तोंड पुसलं, आणि एक शब्द बोलले नाही. चतुर्थीला आमच्या घरचा छोटा गणपती आला, मोदक झाले, तरी मी बोलले नाही. सासू दोन दिवस माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने गुंडाळी उघडली, खळ्यातली माती झाडली, आणि हिरव्या पट्टीवर हात फिरवला.

"ह्यां माझ्या लग्नातलां लुगडां," ती म्हणाली. "ह्यां नेसान मिया ह्या घरात इलंय. तां भाईच्या खळ्यात फेकल्यान? कोंबये चरतत थंय?" आणि मग तिने भाईंच्या सात पिढ्यांना असा धावदोरा घातला की तो इथे लिहिता येत नाही.

"सुई देवाक चलना नाय म्हणतत, आये," मी म्हटलं.

"सुई चलना नाय? मगे शीड काय गोंदान चिकटवतत? नारळी पुनवेक शिडाक कुकू लावतत, नारळ फोडतत, तां काय बिनसुयेचां आसता?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मांगरात आमच्या मचव्याचं शीड पसरलेलं होतं. त्याचा मधला भाग विरला होता आणि सत्यवान त्याला ठिगळ लावणारच होता. ठिगळ माझ्याकडे तयार होतं. आणि अनंत चतुर्दशीला भाईंचा गणपती त्याच शिडाखालून जाणार होता.

सत्यवान घरी आला तेव्हा मी शिडाचा मधला भाग कापून मोकळी झाले होते. तो दारातच बसला.

"भाईन माल बंद केल्यान तर?" तो म्हणाला.

"तुमचो मचवो, तुमचां शीड. भाईचो खाली गणपती तेवढो. आणि तोय सगळ्यांचो," मी म्हटलं.

तो उठून गेला. तीन दिवस त्याने मांगरात पाऊल टाकलं नाही. मी आणि सासू शिवत होतो. पावसापाण्यात टिकावं म्हणून सगळ्या चित्रावरून मी काजूच्या तेलाचा हात दिला, बोटं पुन्हा सोलली. चौथ्या दिवशी सकाळी तो आला, उभ्याने माझी शिवण बघितली आणि म्हणाला, "टाको मोठो घालतंस. वाऱ्यात सुटतलो." माझ्या हातातून दाभण घेतला आणि बसला. एवढंच. माझ्या नवऱ्याने मला याहून गोड असं काही आजवर सांगितलेलं नाही.

तो शिवत असताना मी हळूच म्हटलं, "गाऱ्हाण्यात माझां नाव घेतलात तर?"

"गाऱ्हाण्यात बायलेचां नाव नसता."

"मचव्याचां आसता. डोलकाठयेचां आसता. मुखावरच्या खडपाचांय आसता. दगडाचां चलता आणि माझां नाय?"

तो मान खाली घालून शिवत राहिला. मग म्हणाला, "माझी जीभ अडाकतली, सुगंधा. भाईसमोर माका जमाचां नाय." खोटं बोलत नाही हा त्याचा एक गुण. आणि रागावून का होईना, मला नावाने हाक मारणारा त्या गावात तो एकटाच होता.

अनंत चतुर्दशीला ओहोटी दुपारी लागत होती. ओहोटी लागताच मचवा निघाला नाही तर खाडीच्या मुखावर वाळूत रुततो, म्हणून घाई असते. टाळ, झांजा, गुलाल, सगळं गाव किनाऱ्यावर. बाबांना आणायला भाईंनीच खुर्ची आणि दोन गडी पाठवले होते. गणपती मचव्यात ठेवला. बायकांनी मचव्यावर चढायचं नसतं, म्हणून मी आणि सासू पुढे होऊन गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलो. सत्यवानाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोरी ओढली.

शीड वर चढलं, वाऱ्याने भरलं.

टाळ आपोआप थांबले. गणपतीच्या डोक्यावर ती पांढरी भिंत होती, कुंचावाला माणूस होता, एवढीशी मुलगी होती. घरात टांगलेलं असताना ते कापड नुसतं लटकत होतं. इथे ते छाती काढून उभं होतं. सासूचं हिरवं लुगडं वाऱ्याने हलत होतं आणि खालची लाट खरीच चालत होती. मासे सुकवणाऱ्या बायकांकडे बोट दाखवून किनाऱ्यावरची एक म्हातारी ओरडली, "गो, ती मिया काय गो?"

"सत्या," भाई म्हणाले. "तां शीड खाली घे."

सत्यवानाच्या मानेवरची शीर मला पाण्यातून दिसत होती. "उघड्या काठीन गणपती जाना नाय, भाई," तो म्हणाला. "तुमच्याच आज्यान घातलली रीत."

"मगे दुसरां शीड हाड."

"दुसरां नाय."

"गणपती खाली काडा."

हे ते बोलून गेले खरे, पण बोलता बोलताच त्यांना कळलं. पाटावरून हललेला गणपती परत घरात घेत नाहीत. तो पुढेच जायचा. आणि दुसऱ्याच्या होडीतून न्यावा तर मान मोडतो, तो मोडणारा पहिला माणूस भाई ठरले असते. पाणी मचव्याच्या बुडाखालून सरकायला लागलं होतं. भाईंनी पाण्याकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं, शिडाकडे मुद्दाम बघितलं नाही.

"घाल गाऱ्हाणां," ते म्हणाले. "बेगीन घाल."

सत्यवानाने हात जोडले. किनारा जवळ सरकला. भाई रीतीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे, हात जोडून.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अकरा दिस तू लेकरांच्या घरात पावणो म्हणान रवलंस, जी काय मोडकी-तोडकी सेवा झाली ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मचव्याक, ह्या डोलकाठयेक, मुखावरच्या खडपाक तुझी राखण आसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाईंचा आवाज सगळ्यात वर. त्यांच्या घराण्यात हा आवाज पहिल्यापासूनच खणखणीत.

"आणि ह्या शिडाक..." सत्यवान म्हणाला, आणि थांबला.

जीभ अडकली की श्वास घेतला, मला माहीत नाही. मी आजही विचारते आणि तो आजही म्हणतो, दोरी अडाकलली. पण गाऱ्हाण्यातल्या त्या जागेची लांबी मला पाठ होती. आयुष्यभर मी तिथे 'व्हय म्हाराजा' म्हणत आले होते. मी हात जोडले आणि त्याच सुरात, पोटातून, ओरडले:

"आणि ह्यां शीड परशुरामाच्या चेडवान, सुगंधान, आपल्या हातान रंगवलां आणि आपल्या हातान शिवलां, तां मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा किनारा बोलला. गडी बोलले, पोरं बोलली, म्हाताऱ्या बोलल्या. आणि सगळ्यांच्या वर, सवयीने, खणखणीत, भाई बोलले.

एक बाई गाऱ्हाणं घालून गेली हे लोकांच्या एकेक करून लक्षात येत होतं. भाईंचे हात जोडलेलेच होते आणि तोंड उघडंच राहिलं होतं. देवासमोर दिलेला होकार तोंडात परत घेता येत नाही, आणि हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक असणार? नर्मदाकाकी पदर तोंडाशी धरून हसत होती. माझ्या सासूने पदरही धरला नाही.

"लोटा!" सत्यवान ओरडला. माणसं भानावर आली, मचव्याला खांदे लागले, वाळू करकरली आणि मचवा पाण्याला लागला.

तेव्हा मागून आवाज आला. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, कुणी वाट बघत नसताना, खुर्चीतून. ओला, अर्धा, ओढलेल्या तोंडातून जेमतेम सुटलेला.

"व्हय... म्हाराजा."

वर्षभर मी ज्याच्यासाठी थांबले होते, ते हेच होतं. उशिरा आलं, पण सगळ्या गावासमोर आलं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. पाण्यातून बाहेर आले, त्यांच्या मांडीवर पडलेला उजवा हात उचलला, आणि शीड खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत तसाच वर धरून उभी राहिले.